देश सांभाळायचा म्हणजे नेमकं काय सांभाळायचं?

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं, ही त्यांची मागणी. इंग्रज जाणार हे ब्रिटिश पंतप्रधानांनी फेब्रुवारीतच जाहीर करून टाकलं होतं. देशभर सत्तांतराच्या चर्चा, फाळणीची भीती, दंगली. अशा वेळी एक माणूस, ज्यानं देशासाठी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली, तो परक्या सरकारविरुद्ध नव्हे तर आपल्याच माणसांच्या दारात उपाशी बसला. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावून झालं होतं. मंदिराचा मार्ग मोकळा होत असल्याचं दिसलं तेव्हाच, दहाव्या दिवशी, उपोषण सुटलं.

गुरुजी जन्मानं कोकणातले, पण खानदेशाला ते आपलेच वाटतात आणि त्यात काही चूक नाही. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारा हात गुरुजींचाच. आजही खानदेशातल्या शाळा-शाळांत त्यांची तसबीर आहे. जयंतीला हार घातला जातो, मातृप्रेमावर भाषणं होतात. पंढरपूरच्या उपोषणाचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकतात, कधी तेवढाही होत नाही. मला हे खटकतं. गुरुजींच्या देशप्रेमाचा गाभा त्या दहा दिवसांत आहे आणि आपण नेमका तोच गाळून बाकीचे गुरुजी भिंतीवर टांगले आहेत.

देशावर प्रेम असलेल्या माणसाला देशातला अन्याय इतरांपेक्षा जास्त बोचला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि ज्याला तो बोचतो, त्याला गप्प बसवणं हा देशावरच्या प्रेमाचा पुरावा कधीच होऊ शकत नाही. आज उलटं चाललं आहे. जो रस्त्याबद्दल, दवाखान्याबद्दल, हमीभावाबद्दल बोलतो, त्याच्या निष्ठेकडे संशयानं पाहिलं जातं. जो काहीच बोलत नाही, फक्त घोषणा देतो, तो पक्का देशभक्त ठरतो.

स्वातंत्र्याच्या चळवळीत असं नव्हतं, आणि हे सांगायला लांब जायची गरज नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोसांसारख्या चित्रकारानं तिथलं नगर बांबूसारख्या साध्या साहित्यातून उभं केलं. त्या अधिवेशनात स्वराज्याची घोषणा झाली, पण तिथून बाहेर पडलेला मोठा ऐवज होता शेतीविषयक कार्यक्रम. शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, वेठ बंद करा. म्हणजे १९३६ साली फैजपूरच्या मांडवात बसलेल्या शेतकऱ्याला कोणी असं सांगितलं नाही की, बाबा, आधी देश स्वतंत्र होऊ दे, तुझ्या कर्जाचं मग बघू. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात बोलल्या गेल्या. पुढे प्रांतात काँग्रेसचंच सरकार आलं, तरी सारामाफीसाठी पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या बाजूनं गुरुजी उभे राहिले. सरकार आपलं आहे म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवलं नाही.

आता कोणाच्या देशप्रेमाची परीक्षा घ्यायची, या प्रश्नाकडे येतो. कारण हल्ली ही परीक्षा सगळ्यांची होत नाही. ती ठरावीक मोहल्ल्यांत, ठरावीक पाड्यांवर, ठरावीक आडनावांची होते.

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार सोळावं वर्षही पुरं न झालेला मुलगा. त्याच्या घरची भाषा गुजराती आणि त्या दिवशी दिलेली घोषणाही गुजरातीत होती, भारतभूमीचं निशाण झुकणार नाही अशा अर्थाची. नंदुरबारच्या चौकातलं स्मारक पाहताना ही मुलं कोणत्या भाषेत ओरडत होती हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. येऊही नये. खानदेशात अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, भिली आणि पावरी आहे, गुजरी आहे, उर्दू आहे, मारवाडी पेढ्यांची बोली आहे. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा या भागात तडवी आहेत, मूळचे भिल्ल आणि धर्मानं मुसलमान. त्यांना कोणत्या खणात टाकायचं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी आधी आपले खण तपासावेत. एखाद्या पोराला रस्त्यात अडवून अमुक घोषणा म्हणून दाखव असं सांगणारा माणूस शिरीषकुमारचा वारस नाही. शिरीषकुमारला कोणी घोषणा म्हणायला लावली नव्हती. म्हणू नकोस असं बंदूक रोखून सांगितलं जात होतं, तेव्हा तो म्हणाला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणखी मागे जाऊ. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा भिल्ल नाईक. १८५७ मध्ये कंपनीविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली, भिल्लांची कत्तल झाली, बायकांनाही कैद केलं गेलं. आज त्याच डोंगरातला भिल्ल किंवा पावरा माणूस वनहक्काचा दावा घेऊन तालुक्याला चकरा मारतो. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा त्याला द्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले कागद: दंडाच्या जुन्या पावत्या, वनखात्यानं कधीकाळी केलेल्या पंचनाम्याची झेरॉक्स, म्हाताऱ्यांचे जबाब. ज्या दंडाच्या पावतीनं बापाला गुन्हेगार ठरवलं, तीच पावती आता मुलाच्या हक्काचा पुरावा. कायदा चांगला आहे, तो मिळवायला लोक वर्षानुवर्षं झगडले आहेत. पण ज्यांचे पूर्वज या मातीसाठी लढले, त्यांनी पुरावे गोळा करत फिरायचं आणि ज्यांनी कधी काही गमावलं नाही त्यांनी देशभक्तीचे दाखले वाटायचे, हे पाहून चीड आली नाही तर आपल्या देशप्रेमात काहीतरी कमी आहे.

देशासाठी त्याग करा, असं आपण सहज म्हणतो. सरदार सरोवरानं आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित केली. मणिबेलीपासून पाणी चढत गेलं. त्या लोकांकडून त्याग घेतला गेला, विचारून घेतला असं म्हणणं धाडसाचं होईल. वीज आणि पाणी देशाला मिळालं, त्याचं मोल मी नाकारत नाही. पण त्याच तालुक्यांत अजूनही पावसाळ्यात बाळंतीण बाईला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत उचलून आणावं लागल्याच्या बातम्या येतात. ज्यांनी देशाला सगळ्यात जास्त दिलं, त्यांच्यापर्यंत देश रस्ता घेऊन पोचलेला नाही. हे बोलणाऱ्याला नकारात्मक म्हणतात. मला तो माणूस देशाचा हिशेब नीट ठेवणारा वाटतो.

इथे हमखास एक मुद्दा पुढे येतो: तिकडे सीमेवर जवान उभा आहे आणि तुम्ही इथे रस्त्यांची रडगाणी गाता. या मुद्द्याला मी टाळू इच्छित नाही, कारण खानदेशात तो नुसता बोलण्याचा मुद्दा नाही. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला जा, अंधारात पळणारी पोरं दिसतील. सोळाशे मीटर वेळेत बसवायचे म्हणून कोणीतरी मोबाईलवर सेकंद मोजत असतो. कोरडवाहू चार-पाच एकर, दोन भाऊ, कापसाचा भरवसा नाही. भरती हाच एक सरळ रस्ता. नोकरीची गरज म्हणून गेला म्हणून त्याचं देशप्रेम तसूभरही कमी होत नाही, उलट पोट आणि देश एकत्र सांभाळणाऱ्या या पोरांबद्दल मला नितांत आदर आहे. शहीद जवानाचं पार्थिव गावात येतं तेव्हा पंचक्रोशी लोटते. चुली पेटत नाहीत. ते दुःख खरं असतं, त्यात देखावा नसतो.

पण वर्षभरानंतर त्या घरात कोण जातं? त्याच्या बायकोच्या अर्जावर शेरा मारून तो परत पाठवला जातो, शेताच्या बांधावरून चुलतभाऊ भांडतो, तेव्हा घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजण तिच्यासोबत तहसीलच्या बाकावर बसतात? जवान ज्या गावासाठी उभा आहे, त्या गावची शाळा गळत असेल तर त्याबद्दल बोलणं हा त्याचा अपमान कसा होईल? सुट्टीवर आलेल्या फौजीशी बोलून पाहावं. तो रस्त्याबद्दल, शाळेबद्दल, आईच्या औषधपाण्याबद्दलच बोलतो. त्याच्या नावानं इतरांची तोंडं बंद करायची मुभा त्यानं कोणाला दिलेली नाही.

मग देश सांभाळायचा म्हणजे काय? सगळ्यांचं म्हणून जे आहे ते सांभाळायचं, असं मी म्हणेन. याचा मला माहीत असलेला सर्वांत भक्कम नमुना पांझरा नदीच्या काठावर आहे.

साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे. त्यांच्यावर फड पद्धत चालायची. एका बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले. बहुतेकांची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता मोकळा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. माझ्या वावरात मी वेगळं काहीतरी लावीन, हे चालत नाही. पाणी द्यायला पाटकरी. तो वावराच्या धडीपासून धडीपर्यंत, कोणाचं वावर आहे हे न बघता, ओळीनं भिजवत जातो. शेतमालकानं स्वतः चारी फोडायची नाही. गावचा पाटील असला तरी नाही. पिकाची राखण जागल्याकडे, देखरेख हवालदाराकडे, त्यांचा मोबदला पिकातून. पाटातला गाळ काढायची वेळ आली की ज्याची जशी जमीन तशी त्याची माणसं. पाणी कमी असलं तर पंच बसून पेरा कमी करायचे. तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

ही काही स्वप्नातली गोष्ट नव्हती. भूमिहीनाला त्यात मालकीचा वाटा नव्हता आणि गावगाड्यातली जातीची उतरंड पाटाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेली नव्हती. तरीही विचार करा: राज्य फारुकींचं गेलं, मुघलांचं गेलं, पेशव्यांचं गेलं, इंग्रजांचं गेलं आणि पाट वाहता राहिला. कारण दरवर्षी गाळ काढायला माणसं जात राहिली. नंतर वर धरणं झाली, मग विहिरी, मग मोटारी, मग बोअर. ज्याच्या खिशात पैसा त्याचं पाणी. पाटाची गरज सरली तसं एकत्र बसणंही सरलं. काही बंधाऱ्यांवर ही पद्धत तग धरून आहे, बाकी ठिकाणी पाटात बाभळी उगवल्या.

तिकडे तापीकाठी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जमिनीखालचं पाणी दरसाल खाली चाललं आहे. एकाचा बोअर आटला की तो आणखी खोल घेतो आणि मग शेजाऱ्याचा आटतो. गिरणेच्या पात्रातली वाळू रात्रीतून उपसली जाते. बॉनेटवर तिरंगा लावलेला वाळूचा डंपर मी स्वतः पाहिला आहे. त्या चालकाला मी दोष देणार नाही, तो रोजंदारीवरचा माणूस. पण ज्याच्या मालकीचा तो डंपर होता, त्याला आपण नदी चोरतोय आणि नदी हाच देश आहे, हे जाणवत नसेल तर त्या बॉनेटवरच्या झेंड्याला काय अर्थ उरला?

राज्यघटनेनं याबाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. १९७६ मध्ये घातलेल्या ५१ अ कलमात नागरिकाची मूलभूत कर्तव्यं आहेत, २००२ नंतर ती अकरा झाली. राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर त्यात पहिलाच. देशाचं रक्षण आहे. आणि त्याच यादीत, त्याच वजनानं, धर्म-भाषा-प्रदेशाचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवणं आहे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं आहे, वनं, तळी, नद्या आणि वन्यजीव जपणं आहे, वैज्ञानिक दृष्टी आहे, सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आहे. आपण यादीतलं पहिलं कलम पाठ केलं आणि उरलेल्यांना पर्यायी प्रश्न समजलो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं तसं केलं नाही. उजाड झालेलं जंगल गावानं कुऱ्हाडबंदी करून, चराईला नियम लावून, मोडणाऱ्याला दंड करून पुन्हा उभं केलं. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कार मिळाल्यावर कौतुक सगळ्यांनी केलं, पण तीस-पस्तीस वर्षं आपापली पाळी धरून जंगल राखणाऱ्या त्या पाड्यातल्या लोकांना कोणी देशभक्त म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

झेंड्याचीच गोष्ट निघाली म्हणून. आपण कापूस पिकवणारे लोक. राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचा असायचा. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनलेला झेंडाही चालू लागला. घरोघरी झेंडा पोचावा हा हेतू समजू शकतो. पण कापसाच्या मुलखात पॉलिस्टरचा तिरंगा फडकतो आणि त्याच सुमारास, २०२५ च्या १५ ऑगस्टनंतर चारच दिवसांनी, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठतं (आधी सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून), तेव्हा बोंडं फुटायला लागलेल्या कपाशीकडे बघत शेतकरी भाव काय मिळेल याचा हिशेब करत असतो. त्यानं याबद्दल जाब विचारला तर तो देशाच्या बाजूनंच बोलतो आहे.

जाब विचारायची जागाही कायद्यानं करून ठेवलेली आहे. ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात. महाराष्ट्रात त्यांचे दिवस वर्षानुवर्षं ठरलेले: १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी किंवा त्याच्या आसपास. २ ऑक्टोबर सोडला तर ज्या दिवशी झेंडा, त्याच सुमारास ग्रामसभा. यामागे फार शहाणा विचार आहे असं मला वाटतं. सकाळी सलामी द्यायची आणि मग बसून विचारायचं, आपलं काम कसं चाललंय.

होतं काय? झेंडावंदनाला शाळेचं पटांगण भरतं. पांढरे सदरे, पोरांची लेझीम, भाषणं, जिलेबीचे पुडे. तासाभरात पटांगण रिकामं. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला मग कोरमचं बंधन राहत नाही, चार डोक्यांत ठराव होतात आणि कित्येक गावांत रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं. लोक दारातच, उभ्या उभ्या सही करून देतात. घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव चढलं, कोणाचं गळलं, वित्त आयोगाच्या पैशातून गटार खरंच झाली की कागदावरच झाली, नळयोजनेची टाकी बांधून पाणी का चढत नाही, या सगळ्यावर आपली सही असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपले काय करानं शे, भो." आपल्याला काय करायचंय.

या एका वाक्याइतकं देशाचं नुकसान दुसऱ्या कशानं झालं असेल असं मला वाटत नाही. आणि हे म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी पाहिलेलं असतं की उभं राहून विचारणाऱ्याचं नाव पुढच्या यादीतून गळतं, बांधाचं भांडण उकरून निघतं. म्हणूनच एकट्यानं विचारून भागत नाही. पाटाचा गाळ काढायला एकटा जात नव्हता.

ज्यांना देशासाठी काही करायचं आहे त्या तरुणांना माझं साधं सांगणं आहे. गणपती मंडळाचे, क्रिकेटच्या टीमचे, पहाटे पळणाऱ्यांचे जे ग्रुप आहेत, त्यांतले दहा-पंधरा जण ठरवून ग्रामसभेला बसा. झेंडावंदनाचा माईक बंद करू देऊ नका, त्याच माईकवर जमाखर्च वाचायला लावा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जाईपर्यंत नवा विषय घेऊ देऊ नका. पाड्यावरची माणसं आली नसतील तर त्यांना निरोप पोचला होता का ते विचारा. कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती झाली का, कोणत्या दिवशी झाली आणि तिचे ठराव आज वाचले जाणार आहेत का, एवढ्यापासून सुरुवात करा.